पोंभुर्ण्याच्या तलावावर मी हातातला दोर सोडला

आधी माझं काम सांगते, म्हणजे मी पोंभुर्ण्याला का गेले ते कळेल. मी नागपुरात घरी बसून कपडे विकणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीच्या तक्रारी सांभाळते. कुणाचा कुर्ता उसवलेला निघतो, कुणाला निळ्याच्या जागी हिरवं येतं. ते सगळे चॅटवर माझ्यावर ओरडतात. एका वेळी सहा जण. सहाही खिडक्यांत मी ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असं लिहिते आणि सहांपैकी एकाबद्दलही मला काडीचं वाईट वाटत नाही. काम संपलं की विरंगुळा म्हणून हातात मोबाइल घेते. म्हणजे दिवसभर भजी तळायची आणि संध्याकाळी दमले म्हणून भजीच खायची.

ऑक्टोबरात एका दुपारी माझी बारा वर्षांची लेक, इरा, टेबलापाशी येऊन उभी राहिली. काहीतरी सांगायचं होतं तिला. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, “कृपया थोडा वेळ द्या, मी तपासून सांगते.”

तिनं माझ्या सहा खिडक्यांकडं पाहिलं. मग म्हणाली, “मम्मी, माणसाशी बोलायचं असेल तर कोणतं बटन दाबू?”

मी हसले. ती हसली नाही. आत गेली आणि दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. आपटलेल्या दाराशी भांडता येतं. पुढचे चार दिवस मी विचारत राहिले आणि ती “काही नाही” म्हणत राहिली.

“तू चार-पाच दिवस कुठंतरी जाऊन ये,” नवरा म्हणाला. स्वतःच्या मोबाइलमधून मान वर न काढता, हे नोंदवून ठेवते.

मी शोधलं. ताडोब्याच्या बाजूला एक रिसॉर्ट सापडलं. तिथं म्हणे आल्याआल्या आपला फोन काढून घेतात आणि मनाला शांती देतात. दोन रात्रींच्या पैशात नवीन फोन आला असता. मग मला सुनंदा आठवली. ही माझी होस्टेलची मैत्रीण पोंभुर्ण्याजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दर दिवाळीला ‘ये ना वं’ म्हणते आणि दर दिवाळीला मी तिला एक फुलांचं चित्र पाठवते. नोव्हेंबरात सुट्टी टाकली आणि खरंच निघाले.

पहिला दिवस

नागपूरहून चंद्रपूरला एसटीनं साडेतीन-चार तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे शांती स्वस्तात पडते. वरोरा, भद्रावती मागे पडलं. भद्रावतीपासून कोळशाचे ट्रक सोबतीला येतात. खिडकीची सीट मिळाली तर पांढरी ओढणी घेऊ नका. चंद्रपूरच्या स्टँडवर तर्री पोहे खा, घाई असली तरी. तिथून पोंभुर्ण्याची गाडी मिळते, वेळापत्रकावर मात्र जीव लावू नका. रस्ता चांगला आहे. दोन्ही बाजूंनी जंगल, मध्येच धानाची शेतं, कापणी चालू. मी हे सगळं पाहिलं, कारण त्याचे फोटो माझ्याकडे आहेत.

मला वाटलं होतं, जंगलात नेटवर्क नसेल आणि माझा प्रश्न आपोआप सुटेल. सुनंदाच्या दारात उतरले तर फोनवर भरगच्च दांड्या. नागपुरात माझ्या स्वयंपाकघरात एवढी रेंज येत नाही.

“इथी फुल नेटवर्क हाय,” सुनंदा अभिमानानं म्हणाली. “काऊन, तुले काय वाटलं?”

मी बॅग खाली ठेवली. खूप निराश झाले होते.

दुसरा दिवस

सुनंदाच्या शेजारी भास्करभाऊ आणि यमुनाबाई राहतात. नवराबायको, पन्नाशीतले. गावच्या तलावात मासे धरतात, थोडं धान पिकवतात, काम मिळालं तर मजुरीला जातात. सकाळी उजाडल्यावर ते रात्री टाकून ठेवलेलं जाळं काढायला जातात. सुनंदानं आदल्या संध्याकाळीच त्यांच्याशी बोलून मला डोंग्यात बसवायचं ठरवलं होतं. डोंगा म्हणजे इथली लाकडी नाव. तीन माणसं बसली की कुणी शिंकायचंही नाही.

धुकं होतं. भास्करभाऊ मागे उभे राहून बांबूनं डोंगा ढकलत होते, यमुनाबाई पुढे वाकून जाळं आत ओढत होती आणि मी मध्ये. जाळ्याच्या वरच्या काठाचा दोर यमुनाबाईनं माझ्या हातात दिला.

“हे धरून ठेव. सोडू नको. मी म्हटल्यावरच ढिल दे.”

धरला. खाली जाळ्यात चांदीसारखं काहीतरी उलटंसुलटं होत होतं. मासळी चांगली लागली होती. भास्करभाऊ गुणगुणायला लागले होते, त्यावरून मला कळलं. काठावर मूल गावचा मासळीचा व्यापारी मोटरसायकलला डबा लावून उभा होता.

आणि माझ्या खिशात फोन थरथरला.

मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. हात आपणच गेला. फोन काढला, अंगठ्यानं उघडला, वाचला. ऑफिसच्या ग्रुपवर मी काल ‘ओके सर’ लिहिलं होतं, त्यावर कुणीतरी अंगठा दाखवला होता. एवढंच. तेवढ्यात दुसऱ्या हातातून दोर सर्रकन गेला.

“अवं, धर! धर ना वं!” यमुनाबाई ओरडली.

मी धरायला वळले, डोंगा हलला, तिच्याही हातून जाळं सुटलं आणि मासळीच्या ओझ्यानं ते काठालगतच्या बेशरमाच्या झुडपात जाऊन अडकलं. हो, त्या झुडपाचं नावच बेशरम आहे, मी माझ्याकडून काही घातलेलं नाही. भास्करभाऊ गळ्याएवढ्या थंड पाण्यात उतरले. फांद्यांतून ओढता ओढता जाळं मधोमध फाटलं. माझ्या डोळ्यांसमोर मासे एकेक करून निघून गेले, अगदी सावकाश, जणू लग्नाच्या पंगतीतून उठत होते.

व्यापाऱ्यानं रिकामा डबा पाहिला, मोटरसायकलला किक मारली आणि गेला. फोन मात्र सुखरूप होता.

काठावर भास्करभाऊ कुडकुडत बसले. एक शब्द बोलले नाहीत. यमुनाबाईनं जाळं पसरलं. भोक एवढं होतं की त्यातून मी स्वतः गेले असते. मी पर्स उघडली आणि चाचरत म्हणाले, “मी नवीन जाळं घेऊन देते. किती...”

“आज कुठी भेटते जाळं?” ती म्हणाली. “बजार शनवारी. तवरोक आमी काय करावं, तलावाकडं पाहत बसावं?” मग माझ्याकडं नीट बघत म्हणाली, “कोणाचा फोन होता? घरी कोणाले काई झालं का?”

नसतं विचारलं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, “नाही. काहीच नव्हतं.”

ती जाळ्यावरून उठली. “काईच नोयतं?”

मला रडू आलं. फाटलेल्या जाळ्यापायी थोडं आणि जास्त करून ‘काहीच नव्हतं’ या उत्तरापायी, कारण ते खरं होतं.

“रडून राह्यली काऊन? चाल, शिवाले लाग,” ती म्हणाली.

अंगणात ऊन आलं होतं. बांबूची चपटी सुई, तिच्यात नायलॉनचा दोरा भरलेला. एक फेर, एक गाठ, अंगठ्यानं दाब, ओढ. मग जाळ्याचं पुढचं घर. अर्धं भोक तिचं, अर्धं माझं. तास-दीड तासात माझी चाळीसेक घरं झाली. मला वाटलं, बरं जमतंय. तिनं एक घर बोटानं ओढून पाहिलं. मग दुसरं. मग विळा घेतला आणि माझं सगळं काम कापून टाकलं.

“सारे ढिले हायेत. मासोळी गाणं म्हणत जाईन यातून.”

नोकरीत इतकं स्पष्ट मला कुणी बोललं नाही. पुन्हा सुरुवात केली. फोन वाजत नव्हता तरी मांडी थरथरल्यासारखी वाटत होती. दर पाच मिनिटांनी हात खिशाकडं जायचा आणि दोऱ्यात गुंतलेला असल्यानं परत यायचा. एकदा गेलाच, पण बोटांना मासळीचा चिकटपणा. स्क्रीननं मला ओळखायला नकार दिला. पाठ भरून आली, बोटं कापली. डोकं सारखं ओरडत होतं की याहून महत्त्वाचं काहीतरी कुठंतरी चालू आहे. दुपारनंतर ते ओरडून ओरडून दमलं असावं. मी एक गाठ मारत होते आणि डोक्यात तेवढी एक गाठच होती. हे किती वेळ चाललं मला माहीत नाही. सुनंदा शाळेतून आली आणि म्हणाली, “अवं, जेवली का तू?” तेव्हा कळलं की मी जेवले नव्हते.

आता तुम्ही यमुनाबाईला साध्वी समजू नका. संध्याकाळी सात वाजता तिनं पोराचा जुना मोबाइल भिंतीला टेकवला आणि मालिका लावली. मी मध्येच काहीतरी विचारलं तर हात वर करून मला गप्प केलं. “थांब, सासू आता जहर देऊन राह्यली.” ती अर्धा तास एवढंच बघते. मग फोन फडताळात. नंतर फोनचा विषयही नाही.

तिसरा दिवस

दुपारपर्यंत जाळं झालं. यमुनाबाईनं सगळी घरं ओढून पाहिली. दोन कापली, बाकीची ठेवली. मग मला जेवायला बसवलं. भात आणि सुक्या झिंग्यांची लाल चटणी. तिखट इतकं की मी नव्यानं रडले. या वेळी कुणी कारण विचारलं नाही.

संध्याकाळी जाळं टाकलं. जाणाऱ्यांसाठी सूचना: अंधार पडायच्या आत गावात परता, इथं वाघ पोस्टरवरचे नाहीत.

चौथा दिवस

सकाळी मी पुन्हा डोंग्याशी जाऊन उभी राहिले. भास्करभाऊंनी बायकोकडं पाहिलं. ती म्हणाली, “बसू द्या.”

दोर हातात आला. फोन खिशातच होता. म्हणजे घरी ठेवायचं शहाणपण मला सुचलं नव्हतं. तो तीनदा थरथरला. तिन्ही वेळा मला कळलं आणि तिन्ही वेळा दंडापासून बोटांपर्यंत सगळं त्याच्याकडं ओढलं गेलं. मी दोराकडं बघत राहिले. त्यातून शांती वगैरे काही मिळाली नाही. खांदे दुखले.

मासळी परवाच्या निम्मीही नव्हती. काही रोहू, दोन मरळ, बाकी चिल्लर. यमुनाबाई एकेक सोडवत होती. एका हातभर रोहूपाशी थांबली, गाठ पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, “हे पाहा, इच्या गाठीतली हाय.”

भास्करभाऊ तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. “धरली म्हणा बाईनं.”

मला बारावीच्या निकालाला एवढं वाटलं नव्हतं.

पाचवा दिवस

सुनंदाला मुलचेऱ्याला काम होतं, मीही सोबत निघाले. गोंडपिपरीवरून आष्टीला जायचं; तिथं वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा. पुढं रस्ता कुठं गुळगुळीत तर कुठं आठवणीपुरता. हिशोबात एक तास जास्त धरा आणि पाणी सोबत ठेवा. मुलचेऱ्याच्या आजूबाजूला निर्वासित बंगाल्यांची गावं आहेत. एका हॉटेलात गरम रसगुल्ले समोर आले आणि मी सवयीनं फोन वर धरला.

“दीदी, फोटो गरम नाही राहत, रसगुल्ला पण नाही राहत,” मालक म्हणाला. “आधी खा.”

खाल्ले. चार. मग बाहेरच्या बाकावर बसून घरी फोन लावला आणि इराला द्यायला सांगितलं.

“तू त्या दिवशी मला काहीतरी सांगायला आली होतीस. ते मी ऐकलं नाही. चूक माझी होती. आता सांगशील?”

“आता जुनं झालं,” ती म्हणाली.

“जुनंच सांग.”

बराच वेळ काही नाही. मी मध्ये बोलले नाही, हे माझ्यासाठी नवीन होतं. मग ती बोलायला लागली. सानिका, तिची बालवाडीपासूनची मैत्रीण, तिनं डब्याच्या सुट्टीत दुसऱ्या मुलींसोबत बसायला सुरुवात केली होती आणि इरा महिनाभर जिन्यात एकटीच डबा खात होती. महिनाभर. मी रोज तिला तो डबा भरून देत होते आणि रोज रिकामा आला की खूश होत होते.

ती बोलली, रडली, मग सानिकाच्या नव्या मैत्रिणींची नक्कल केली, ती फार वाईट पण फार मजेशीर होती. सुनंदा काम आटोपून आली, माझ्या बाजूला बसली, आमची एक बस गेली. आम्ही जाऊ दिली.

घरी

परत येऊन तीन आठवडे झालेत. मी सुधारले वगैरे नाही. काल रात्री पाऊण तास एक माणूस गालिचा धुतो तो व्हिडिओ पाहिला. गालिचा आमचा नव्हता. इराचं सानिकाशी जुळलं नाही. ती आता दुसऱ्या एका मुलीसोबत डबा खाते आणि तिच्याबद्दल मला रोज फार सविस्तर सांगते. तेवढा वेळ मी लॅपटॉप मिटून ठेवते. खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: सगळा प्रवास त्या रिसॉर्टच्या एका जेवणाच्या आसपास पडला. शनिवारच्या बाजारातून सुनंदानं माझ्या वतीनं नवं जाळं आणलं, ते यमुनाबाईनं नीट ओढून पाहून ठेवून घेतलं.

परवा कामावर एका बाईंची तक्रार आली. लांबलचक, विरामचिन्हं नाहीत. एरवी अशा मेसेजमधला ‘साइझ’ एवढा शब्द मी टिपते आणि परताव्याचं छापील उत्तर चिकटवते. त्या दिवशी बाकीच्या पाच खिडक्या बाजूला सारल्या आणि तो मेसेज सुरुवातीपासून वाचला. मग परत एकदा. बाईंना पैसे नको होते. ब्लाउज मोठा आला होता, आईसाठी मागवला होता, आजारपणात आई बारीक झाली होती. एवढंच विचारलं होतं की हाच रंग लहान मापात मिळेल का, कारण आईला रंग आवडलाय.

मी शोधला. मिळाला. तसं त्यांना माझ्या शब्दांत लिहिलं.

लगेच वरिष्ठांचा मेसेज आला, “एका चॅटवर अकरा मिनिटं? काय करत होतात?”

मी लिहिलं, “वाचत होते.”