बाईंचा शेणकिडा आणि माझी शिंक

सातारा ते जत या साऱ्या रस्त्यावर शेणाचा असा एकही पो नसेल, ज्यापाशी आमच्या बाईंनी गाडी थांबवली नाही. बाई म्हणजे विद्यापीठातल्या माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक. शेणकिड्यांची उत्क्रांती त्यांच्या जनुकांतून उलगडण्यात त्यांची सारी नोकरी गेली. मूळच्या वाईच्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायांत पांढरे बूट, पर्समध्ये चिमटा आणि चहाची गाळणी. लग्नाच्या पंगतीतही ट्यूबलाइटखाली काही वळवळताना दिसलं, की जिलबी बाजूला ठेवून त्या खाली वाकायच्या. घरच्या फ्रिजमधले श्रीखंडाचे डबे पाहुण्यांनी उघडायचे नाहीत, असा दंडक होता. एकदा त्यांच्या जावेनं उघडला. त्यानंतर ती दिवाळीला आली नाही, हे बाई फार समाधानानं सांगत.

मी कराडकडचा, ऊसवाल्यांच्या घरातला. फौजेतून सुभेदार होऊन आलेल्या माझ्या वडिलांना विषय कळला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "शेणातच हात घालायचा हुता, तर आपल्या गोठ्यात काय कमी हुतं रं?"

बाईंचं प्रयोगशाळेतलं सोवळं कडक. नमुन्याची नळी उघडायची तर हातात मोजे, केस टोपीत, नाकातोंडावर मास्क, आणि गप्पा बंद. "आपलं काहीही त्यात पडता कामा नये," असं त्या रोज बजावत. त्यांच्या हातून कधी एक नळी वाया गेली नव्हती. जतच्या माळावर मेंढरं बसतात तिथे, गुडघे दुखत असताना उकिडवं बसून त्यांनी वेचलेल्या किड्यांची शेवटची नळी त्यांनी माझ्या हवाली केली. त्या दिवशी मला लय सर्दी. मास्कमध्ये जीव गुदमरायला लागला म्हणून तो हनुवटीवर ओढला, नळी उघडली आणि शिंकलो. कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून मीही न पाहिल्यासारखं केलं.

निकाल आला तर काय, कुठल्याच किड्यात कुणाला न सापडलेली जनुकं! मी कंदी पेढे आणून अख्ख्या विभागात वाटले. बाईंनी पेढा शांतपणे संपवला, संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "माणसाशी ताडून बघितलंस का?" ते मला सुचलंच नव्हतं. पाच मिनिटांत कळलं, माणूस, पुरुष. "शहाण्या, हा तूच आहेस," बाई म्हणाल्या. तोवर मी माझ्याच उत्क्रांतीवर खूश होतो, आणि तिच्यात खूश होण्यासारखं फारसं काही नाही, हे विभागाला माझ्या आधीपासून माहीत होतं.

पण ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. माझी मुदत संपत आलेली, आणि तो किडा पावसाळ्याशिवाय वर येत नाही. मुदतवाढ मिळाली नाही तर नोंदणीच रद्द. मुदतवाढ ठरवणाऱ्या समितीच्या अध्यक्षांनी विचारलं, "नमुना खराब कुणी केला?" तेवढ्यात बाई म्हणाल्या, "माझ्या हातून झाला. नळी मी उघडली होती." त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता. एक सदस्य चक्क हसले, "बाई, तुमच्या हातून?" मी मान खाली घालून बसलो. बोलायला हवं होतं, बोललो नाही. मला सहा महिने मिळाले.

पावसात जतला जाऊन नवे किडे आणले, मास्क नाकावरच ठेवला, प्रबंध झाला. ऋणनिर्देशात मी लिहिलं, 'पहिला नमुना माझ्या शिंकेनं वाया गेला, बाईंच्या हातून नव्हे.' बाई तोवर वाईला राहायला गेल्या होत्या. तिथून मसुदा परत आला. साऱ्या प्रबंधात त्यांनी तेवढंच वाक्य खोडलं होतं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विषयाशी संबंध नाही.' मी ते काढून टाकलं. तेही मला सोयीचंच होतं म्हणा.

आता मी त्याच विभागात शिकवतो. नव्या मुलांना कुणीतरी सांगत असतं, की एवढ्या काटेकोर बाई, पण शेवटी त्यांच्याही हातून नळी गेलीच. मी तिथेच उभा असतो. म्हणून हे सगळं बाईंना न दाखवता लिहिलं आहे.