चौथ्या पाहुण्याची खोली

तिघांनी मिळून प्रवासाला निघायचं नाही, हा माझ्या सासूबाईंचा नियम. ब्राउनश्वाइगमध्ये चाळीसेक वर्षं काढली, जर्मन पासपोर्ट घेतला, बर्फात सायकल चालवायला शिकल्या, पण हा नियम काही सुटला नाही. तिघं निघालेच तर पर्समध्ये एक सुपारी टाकायची, म्हणजे चौघं झाले. "तीन तिघाडा, काम बिघाडा," त्या म्हणायच्या. काम बिघडवायला आपण दोघीसुद्धा पुरतो, आई, असं मी म्हणायचे आणि त्या हसायच्या. सासरे गेल्यापासून मात्र मी जिभेला जरा लगाम घातला होता.

सासरे सप्टेंबरात गेले. जर्मनीत येण्याआधी, लग्नाच्याही आधी, ते आठ महिने इंग्लंडमध्ये लिंकनला एका कारखान्यात शिकाऊ म्हणून होते. जुनं गाव, टेकडीवर प्रचंड कॅथेड्रल आणि तिथवर चढत जाणारा दगडी रस्ता. "एकदा तुम्हाला सगळ्यांना दाखवून आणतो," हे त्यांचं पालुपद. माझा नवरा दर वेळी म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की, बाबा." त्यांनी तिथली गोष्ट सुरू केली की हा फोन उचलून खोलीबाहेर जायचा. मला त्याचा संताप यायचा. कंटाळा मलाही यायचा, पण मी निदान बसून राहायचे.

जानेवारीतल्या एका रविवारी नाश्त्याच्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "मला लिंकन बघायचंय. पोरीला ईस्टरची सुट्टी असेल तेव्हा."

नवऱ्याने मान वर न करता सांगितलं, "मला जमणार नाही. तुम्ही तिघी जाऊन या." आणि ताट अर्धवट टाकून उठला.

मला प्रवासापेक्षा प्रवासाची तयारी जास्त आवडते. मी लगेच यादी केली. हॅनोव्हरहून विमान, लंडनहून रेल्वे, चार रात्री मुक्काम, ब्रिटनची ऑनलाइन परवानगी. कॅथेड्रलजवळ एका वयस्कर बाईंचं छोटं गेस्टहाउस सापडलं. तिथला फॉर्म भरायचं काम सासूबाईंनी मागून घेतलं. टॅबलेट घेऊन तासभर खिडकीशी बसल्या आणि "झालं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पाहुणे चार. चौथं नाव माझ्या सासऱ्यांचं.

"आई, हे काय?"

"तिघींनी जायचं नसतं. सुपारी घेणार आहे मी बरोबर. पण तो फॉर्म चौथ्याचं नाव मागायला लागला. सुपारीला काय नाव देऊ? यांचं दिलं."

"अहो, पण सुपारीला पलंग लागतो का?"

"पुढचं पान उघडतच नव्हतं ना नावाशिवाय," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. माझी चौदा वर्षांची मुलगी मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. ती हसून लोळायची बाकी होती. "आइन बेट फ्यूर आइने नूस!" सुपारीसाठी पलंग! मलाही हसू फुटलं. नवरा हसला नाही. त्याने मला स्वयंपाकघरात बोलावून दार लावून घेतलं.

"आईचं काही खरं नाही. गेलेल्या माणसाचं बुकिंग कोण करतं? मागच्या महिन्यात गॅस चालू राहिला, किल्ली दोनदा हरवली. आल्झो, म्हणजे बघ, आठवड्यातले तीन दिवस आपण दोघंही बाहेर. काहीतरी व्हायच्या आत चांगलं हाइम बघायला हवं."

हाइम म्हणजे वृद्धाश्रम. किल्ली मी स्वतः वर्षातून पाच वेळा हरवते, मला कोणी कुठे ठेवलं नाही, असं मी त्याला सुनावलं. बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं ते असं: लिंकनची सहल होऊ दे. तिथे चार दिवस त्या नीट वागल्या, सगळं उमजून राहिल्या, तर घरीच राहतील. नाहीतर तो म्हणेल तसं. हे सासूबाईंना सांगायचं नाही, असंही आम्ही ठरवलं. त्यांच्या घरात बसून, त्यांनीच केलेली पोळी खात आम्ही हे ठरवत होतो.

मी गेस्टहाउसच्या बाईंना लिहिलं की चौथं नाव चुकून पडलंय, आम्ही तिघीच येतोय. त्यांचं उत्तर मी ऑफिसात उघडलं. त्यांनी लिहिलं होतं: पण साहेबांचा तर कालच फोन आला होता. फार सभ्य गृहस्थ, सावकाश आणि नीट बोलतात. गुडघ्यांमुळे जिने नकोत म्हणाले, म्हणून त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली ठेवली आहे. ते येणार आहेत हे कदाचित तुम्हाला माहीत नसावं.

मी ते तीनदा वाचलं. सासऱ्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. शेवटची दोन वर्षं ते वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत जाताना प्रत्येक पायरीवर थांबायचे. हे मी कोणालाच लिहिलं नव्हतं. फॉर्मात गुडघ्यांसाठी रकाना नव्हता.

घरी येऊन मी पहिलं काम केलं ते म्हणजे आमचा घरचा जुना लँडलाइन फोन तपासला. मंगळवारी दुपारी पावणेतीनला इंग्लंडचा नंबर फिरवलेला होता, अकरा मिनिटं. म्हणजे फोन आमच्याच घरातून गेला होता. मंगळवारी आणि गुरुवारी नवरा घरून काम करतो, सासऱ्यांच्या त्याच वरच्या खोलीत, दार बंद करून. त्याला विचारलं तर म्हणाला, सलग मीटिंगा होत्या, मला काही ऐकू आलं नाही. उरल्या सासूबाई. त्यांचा आवाज हल्ली घोगरा झाला होता खरा. पण पुरुषाचा वाटावा इतका?

मी गेस्टहाउसच्या बाईंना काही कळू न देता विचारलं, साहेब आणखी काही म्हणाले का? उत्तर यायला दोन दिवस लागले. तेवढ्यात दुसरा फोन होऊन गेला होता. बाईंनी अगदी हौसेने लिहिलं होतं: तुमचे साहेब तरुणपणी इथे राहत होते हे ऐकून आनंद झाला. टेकडीच्या पायथ्याशी डाव्या हाताची बेकरी अजून आहे का, तिथे मनुकांचा पाव मिळायचा, असं ते विचारत होते. खोलीतून घंटा ऐकू येतात का, हेही. आणि मुलाचं नाव यादीत आहे का असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, फोन कट झाला.

बेकरीची गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, लिंकनला बेकरी होती का हो कुठली?"

"टेकडीखाली. डाव्या हाताला. मनुकांचा पाव," त्या ताबडतोब म्हणाल्या. "साखरपुड्यानंतरची पत्रं अजून वरच्या खोलीत आहेत, त्यांत त्या पावाचंच वर्णन. माझं कमी."

त्या रात्री मी दिवा चालू ठेवून झोपले, हे कबूल करते. मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. मी मोजमापाच्या प्रयोगशाळेत काम करते. पण दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत प्रिंटरचा कागद आणायला जायचं होतं, तर मी मुलीला पाठवलं.

नवऱ्याला मेल दाखवली. त्याने वाचली, त्याचा चेहरा पडला, फोन परत माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाला, "तू आईशी बोल."

मी बोलले. सासूबाई मेथी निवडत होत्या.

"आई, तुम्ही गेस्टहाउसला फोन केलात? बाबांच्या नावाने?"

त्यांचे हात थांबले. त्यांनी जिन्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझी पाचावर धारण बसली, कारण मला वाटलं त्यांना तिथे कोणीतरी दिसतंय.

"हो," त्या म्हणाल्या. "मीच केला."

"का?"

"असंच."

मग मात्र मी खचले. इतके दिवस नवऱ्याशी भांडून मी ज्यांची बाजू घेतली होती, त्याच आपल्या गेलेल्या नवऱ्याचा आवाज काढून परदेशात फोन करत होत्या. मी स्वतःच आमच्या डॉक्टरांची सोमवारची टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घेतली, स्मरणशक्तीची तपासणी म्हणून. सासूबाईंना सांगितलं, रक्तदाब बघायचाय. त्यांनी ते मुकाट्याने मान्य केलं. नवऱ्यालाही कळवलं. आपण म्हणत होतो ते खरं ठरलं म्हणून तो सुस्कारा टाकेल असं मला वाटलं होतं. तो नुसता खिडकीबाहेर बघत राहिला.

मग आला गुरुवार. आमच्या संस्थेतलं हीटिंग बंद पडलं आणि दुपारी दोनला सगळ्यांना घरी पाठवलं. बाहेर फेब्रुवारीतला तो मळकट उजेड होता, दुपार आहे की संध्याकाळ कळू नये असा. मी कुलूप उघडलं, बूट काढायला वाकले, आणि वरून सासऱ्यांचा आवाज आला.

तो त्यांचाच होता. आधी दोनदा घसा खाकरणं, मग "यू सी, मॅडम", मग प्रत्येक शब्द तोलून ठेवलेलं ते सांगलीच्या वळणाचं इंग्रजी. यू सी मॅडम, माझा मुलगा फार कामात असतो. यू सी, त्याचा काही दोष नाही. मी एक बूट हातात धरून तशीच उभी राहिले. मग नजर वर गेली तर जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवर सासूबाई बसल्या होत्या, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. माझी चाहूल लागताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

म्हणजे बोलत होत्या त्या नव्हत्या.

मी पायऱ्या चढून गेले आणि बंद दाराकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"उघडू नकोस," त्या कुजबुजल्या. "उघडलंस की आत माझा मुलगा असेल."

मी त्यांच्या शेजारी बसले. साप साप म्हणून इतके दिवस भुई धोपटत होते मी. "तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. चहा विचारायला आले होते."

"मग मी विचारलं तेव्हा स्वतःवर का घेतलंत? आई, सोमवारी तुम्हाला कुठे नेणार होते मी, कल्पना आहे?"

"रक्तदाबासाठी एवढं गोड कोणी बोलत नाही," त्या म्हणाल्या. "माझं वय झालंय. मला वेडी म्हणालात तर कोणाला नवल वाटणार नाही. त्याला नोकरी आहे, पोर आहे."

मला माझीच इतकी लाज वाटली की त्यांच्याकडे बघवेना. आत तो आवाज घंटांविषयी काहीतरी विचारत होता. सासूबाईंनी पुन्हा डोळे मिटले. दोन-तीन मिनिटांत फोन ठेवल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली आणि दार उघडलं.

"तू आज लवकर आलीस?" नवरा म्हणाला. हा त्याचा स्वतःचा आवाज. मग त्याला आई दिसली आणि त्याने चौकट धरली.

"पहिल्यांदा ते नाव काढून टाकायलाच फोन केला होता," तो माझ्याकडे बघून सांगायला लागला. "त्यांनी विचारलं, तुम्हीच का ते? मी हो म्हणालो. कसं म्हणालो ते मला माहीत नाही. मग बाबांना बरंच काही विचारायचं होतं."

"बाबांना?"

"हो. बाबांना."

"आणि आईंना हाइममध्ये पाठवायला निघाला होतास," मी म्हणाले. मी ओरडलेच. तो खाली उतरून आईच्या पायाशी, एक पायरी सोडून बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"आई, चुकलं माझं. परत नाही करणार."

सासूबाईंनी त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"आज लवकर ठेवलास रे," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी जास्त बोलला होतास."