कुमुदताईंनी परत मागितलेले कागद

१९८२ च्या जुलैतला एक सोमवार, सकाळचे आठ वाजून दहा मिनिटे. हिंदी मुलखातल्या चरोद्याच्या रेल्वे वसाहतीत एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी टाइपरायटरची फीत बदलत होतो. कामाचा पहिलाच दिवस होता. दहावी नापास मुलाला मिळालेली नोकरी हातची जाऊ नये, म्हणून ती फीत मी तीनदा काढून तीनदा बसवली. दारातून आवाज आला, "अरे, ती फीत आता दमली असेल. इकडे ये, स्टेन्सिल कापायचं आहे."

त्या श्रीमती कुमुदताई देवतळे, दवाखान्याच्या आहारतज्ज्ञ. नागपूरला शिकलेल्या, रेल्वेतल्या गार्डसाहेबांच्या पत्नी. यंदा, १९९१ मध्ये, त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, आणि त्यांच्या सत्काराच्या अंकासाठी मी हे लिहीत आहे.

त्या दिवशी मी कापलेले, म्हणजे प्रती काढण्यासाठी मेणकागदावर टाइप केलेले स्टेन्सिल साखरेच्या आणि वजनाच्या रोग्यांना द्यायच्या आहाराच्या कागदाचे होते. भात, बटाटा, साखर, केळे बंद. भाकरी अर्धी. तूप, अंडी, पनीर, शेंगदाणे चालतील. ताईंच्या शिक्षणाच्या काळातली पुस्तके असेच सांगत. कागदावर 'एक वाटी' असे लिहिले की ताई रोग्याला घरची वाटी आणायला लावत. कुणाची वाटी कढईएवढी, कुणाची देवापुढच्या नैवेद्याची. मग खिळ्याने त्या वाटीला आतून ओरखडा काढून सांगत, "इथपर्यंत. याच्या वर माझी जबाबदारी नाही."

माझे बाबा रेल्वे यार्डात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. त्यांना साखर होती, आणि आम्ही भंडाऱ्याकडचे, म्हणजे भातावर वाढलेले. मुलाने टाइप केलेला कागद म्हणून बाबांनी तो भिंतीला चिकटवला आणि तीन वर्षे शितालाही हात लावला नाही. आई स्वतःसाठी दुबराजचा सुवासिक भात शिजवायची तेव्हा बाबा चुलीजवळ पाट घेऊन बसत. "वाढू नको, पन झाकन तं काढ. वासाले कुठं बंदी हाय कागदात?" आई हसायची आणि तोंड फिरवायची.

१९८५ मध्ये ताईंनी मला नवे स्टेन्सिल दिले. नव्या पुस्तकांत सगळे उलटे झाले होते. दोष आता स्निग्ध पदार्थांवर आला होता. तूप, अंड्याचा बलक, खोबरे, दाणे बंद. साखरेच्या रोग्यालाही मोजका भात चालेल. ताईंनी नुसता नवा कागद काढला नाही. जुना कागद कुणाकुणाला दिला होता ते त्यांनी वहीत लिहून ठेवले होते. कामाचे तास संपल्यावर बसने जामुल, हथखोज अशा आसपासच्या गावी जाऊन त्यांनी ते कागद परत मागितले. डॉक्टर म्हणाले, "बाई, अशानं लोकांचा विश्वास उडतो." ताई म्हणाल्या, "उडालेला विश्वास परत येईल, डॉक्टरसाहेब. चुकीचा कागद भिंतीवर दहा वर्षं राहतो." जामुलच्या एका व्यापाऱ्याने हात जोडले, "ताई, पहले चावल बंद, अब घी बंद. अगले साल क्या पानी बंद करोगी?" ताई म्हणाल्या, "पानी का काग़ज़ अभी छपा नहीं, सेठजी."

आता जे लिहायचे आहे ते मी सहा वर्षे लिहिले नाही.

ते स्टेन्सिल मी मंगळवारी कापले. ताई तेव्हाच म्हणाल्या, "बाबांना आजच सांगून दे. एक वाटी भात. माझं नाव सांग. डॉक्टरांची सही येत राहील." डॉक्टर आठवडाभर नागपूरला होते. सही नसलेली गोष्ट घरी सांगणे मला बरोबर वाटले नाही. सोमवारी सही होईल, तेव्हा कागदच नेऊ, असे मी ठरवले. रविवारी सकाळी ड्यूटीवर जाताना बाबा दारातच कोसळले. हृदय थांबले होते.

तेराव्यानंतर ताई नवा कागद घेऊन आमच्या क्वार्टरवर आल्या. आई म्हणाली, "आता आनला, बाई? तीन वर्सं त्या मानसाले मी भात नाई देला. तुमचा कागद पाहून नाई देला." मी दाराशी उभा होतो. मंगळवारी मला काय सांगितले होते ते ताईंना ठाऊक होते. त्या म्हणाल्या, "माझ्याकडून उशीर झाला, वहिनी. भातानं ते गेले नाहीत. पण भात त्यांना मिळायला हवा होता." आईने त्यांना पाणीही विचारले नाही. भिंतीवरचा कागद ताईंनी स्वतः पाण्याने भिजवून काढला, घडी करून पिशवीत ठेवला आणि निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांनी मला नेहमीसारखेच काम दिले. त्या दिवसापासून प्रत्येक कागदाच्या शेवटी त्या एक ओळ घालतात : 'हे आजच्या माहितीप्रमाणे आहे. वर्षाने पुन्हा विचारा.' मंगळवारबद्दल त्यांनी मला कधी विचारले नाही. आई मात्र बाजारात ताई दिसल्या की रस्ता बदलायची, आणि मी तिच्यासोबत रस्ता बदलायचो.

इथवरचा लेख अंकाच्या संपादकांकडे देण्याआधी मी आईला वाचून दाखवला. मंगळवारचा भाग वाचून मी थांबलो. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मले मालूम होतं. भिंतीवरचा कागद काढला त्या दिवशी बाई तुह्याकडं एकदाबी पाहून नाई राहिली होती. तवाच समजलं, तुले तिनं पयलेच सांगतलं असन."

"मग मले कावून नाई बोलली? ताईवर कावून राग धरला?"

"घरात आपन दोघंच उरलो होतो. तुह्यावर राग धरून मी कोनासंग जेवली असती? बाईवर धरला. बाई सोसून घेईन, असं वाटलं." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "लई सोसलं तिनं. सत्काराले मले घेऊन चाल."

ताई, आई येत आहे. तुम्हाला भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यातल्या पुष्कळशा संध्याकाळी तुम्ही दोघींनी एकमेकींशी बोलत काढाव्यात, एवढेच मागणे आहे.