खेमोचा खेमचंद

निरुपमा चित्रे यांचं अक्षर सुरेख होतं. बडोद्यातल्या एका मुलींच्या शाळेत त्या हेडक्लार्क होत्या, आणि एकोणतीस वर्षं प्रत्येक मुलीचं नाव जनरल रजिस्टरमध्ये त्यांच्याच हातानं चढलं. त्यांची एक सवय होती. बापाचं नाव कुणी ‘मंगो’ सांगितलं, तर त्या ‘मंगलदास’ लिहीत. ‘भीखो’ सांगितलं, तर ‘भीखाभाई’. मुलीच्या दाखल्यावर ते नाव जन्मभर राहणार, तर धड असावं, एवढाच त्यांचा हिशेब. त्यांनी कुणाला विचारलं नाही आणि त्यांनाही कधी कुणी हटकलं नाही.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये केसर आणि तिचा नवरा आपल्या दहा वर्षांच्या मुलीला, जमनाला, घेऊन शाळेत आले. पाकिस्तानातल्या सिंधमधली, मीरपूरखासकडची माणसं. हरिद्वारच्या यात्रेचा व्हिसा काढून आली होती, ती परत गेलीच नाहीत. शहराच्या कडेला, हरणीला एका नातेवाइकानं खोली पाहून दिली होती. मुलीचा तिकडचा दाखला सिंधी लिपीत होता. तो शाळेत कुणालाच वाचता येईना. हेडमास्तरीणबाई म्हणत होत्या, पोलिसांचं पत्र येईपर्यंत थांबू. निरुपमाबाईंनी थांबू दिलं नाही. आईचं सोगंदनामं म्हणजे प्रतिज्ञापत्र, वयाचा डॉक्टरी दाखला, व्हिसाची नक्कल, सगळं दोन दिवसांत गोळा केलं आणि जमना पाचवीत बसली.

त्या दिवसापासून कागद म्हटला की ही माणसं ‘निरुपमाबेन’कडे यायची. दर वर्षी व्हिसा वाढवायचा, त्यासाठी पोलिसांच्या विदेशी शाखेत तासन् तास बसायचं. नवऱ्याला शहराबाहेर, सावली गावच्या एका कारखान्यात काम मिळालं, पण व्हिसा फक्त शहरापुरता. सावलीला जायचं तर परवानगी हवी. दोनदा अर्ज केला, मग त्यानं नाद सोडला आणि शहरातच प्लास्टरच्या कामाला जाऊ लागला. पाच वर्षांनी काविळीनं गेला. मृत्यूच्या दाखल्यासाठी केसरबरोबर निरुपमाबाईच खिडकीशी उभ्या राहिल्या. तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या.

सात वर्षं पुरी झाल्यावर त्यांनी सुभानपुऱ्याच्या आपल्या घरी बसून मायलेकींचे नागरिकत्वाचे अर्ज भरले. प्रत्येकीचा वेगळा. केसरचा अर्ज रखडत का होईना पुढे सरकत राहिला, जमनाचा मात्र अडकला. का, ते कळेना. चौकशीला गेलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढंच उत्तर. मधल्या काळात जमना बारावी सायन्स एकाहत्तर टक्क्यांनी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंगच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना होता, आणि खिडकीवरच्या माणसानं तो फॉर्म तसाच परत केला.

आठ महिन्यांनी पत्र आलं. पासपोर्टवर वडिलांचं नाव खेमो, शाळेच्या दाखल्यावर खेमचंद. या दोन व्यक्ती एकच असल्याचा पुरावा द्यावा.

निरुपमाबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि यजमानांसमोर, लक्ष्मीकांतरावांसमोर ठेवलं. ते म्हणाले की इतक्या वर्षांत हजारो नावं लिहिलीस, एखादी चूक व्हायचीच.

“चूक नव्हे हो,” त्या म्हणाल्या. “मी मुद्दाम लिहिलं.”

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन त्यांनी रजिस्टर काढवलं. आपलं वळणदार ‘खेमचंद’ त्या बराच वेळ बघत राहिल्या. नव्या क्लार्कनं सांगितलं की रजिस्टरमध्ये खाडाखोड शाळेला करता येत नाही, शिक्षण खात्याचा हुकूम लागतो. हे त्यांना ठाऊक होतं. हाच नियम तोंडावर सांगून त्यांनी कितीतरी पालकांना परत पाठवलं होतं.

त्यांनी स्वतःचं सोगंदनामं केलं. सांगितलेलं नाव मी माझ्या मनानं बदलून लिहिलं, मुलीचा वा तिच्या आईबापांचा त्यात काही दोष नाही, असं साफ लिहिलं. ते परत आलं. खात्यातला अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ होता. मनानं बदललं असं लिहिलंत तर चौकशी लागेल, ‘नजरचुकीनं’ असं लिहा, लवकर होईल, असं त्यानं समजावलं. बाई ऐकेनात. दुसऱ्यांदाही कागद परत आला. तिसऱ्या खेपेला जिना चढताना त्यांचे गुडघे बोलायला लागले. वर जाऊन बाकावर टेकल्या, पेन काढलं आणि लिहिलं ‘नजरचुकीनं’. खोटं लिहिलं याची टोचणी लागेल असं त्यांना वाटलं होतं. तेवढंही त्राण उरलं नव्हतं.

मग त्या हरणीला गेल्या. केसर साडीला फॉल लावत बसली होती. निरुपमाबाईंनी पाणीही घेतलं नाही. ‘खेमो’चं ‘खेमचंद’ मीच केलं, त्यापायी जमनाचं वर्ष गेलं, आणखी किती जातील ठाऊक नाही, असं उभ्यानंच सांगून टाकलं.

केसरनं सुई कापडात खोचून ठेवली. तिच्या गुजरातीला मीरपूरखासकडचा हेल होता.

“बेन, तिकडे जमीनदार आमच्या माणसांना पुरं नाव देत नाही,” ती म्हणाली. “खेमो, मेघो, असंच हाक मारतात. कागदावरही तेच. जमनाचा पहिला रिझल्ट आला ना, त्यावर यांनी आपलं नाव पोरीकडून तीनदा वाचून घेतलं होतं.” मग तिनं विचारलं, “आता ते खोडणार?”

“खोडावं लागेल.”

“खोडा,” केसर म्हणाली आणि सुई उचलली.

निरुपमाबाई खाटेवर टेकल्या. राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

हुकूम यायला चौदा महिने लागले. केसरला नागरिकत्व मिळालं, जमनाची फाइल पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतली. तेवढ्यात करोना आला आणि कचेऱ्याच बंद पडल्या. जमना एका खाजगी दवाखान्यात आयाचं काम करू लागली. रुग्णांना उठवणं, बसवणं, चादरी बदलणं.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत तिचं प्रमाणपत्र आलं. मायलेकी ते घेऊन दुपारीच सुभानपुऱ्याला आल्या. निरुपमाबाईंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर तपासलं. सगळं बरोबर होतं. जूनमध्ये नर्सिंगचे फॉर्म निघतील, आपण भरू, त्या म्हणाल्या.

जमना रात्रपाळी करून न झोपताच आली होती. तिनं मान हलवली.

“आता लगेच फॉर्म नको, बेन. एक वर्ष मला कुठलाच कागद भरायचा नाही.”

एरवी निरुपमाबाईंनी समजावलं असतं, वय निघून जाईल असं सांगितलं असतं. त्या दिवशी त्या नुसतं “बरं” म्हणाल्या. चहा ठेवायला आत गेल्या आणि कप घेऊन बाहेर आल्या, तो केसर दिवाणावर बसल्या बसल्या झोपली होती. डोकं भिंतीला टेकलेलं, चपला पायांतच. जमना उठवायला वाकली, तर निरुपमाबाईंनी हातानंच नको म्हटलं. दोघी चहा घेत बसल्या.