अडीचशे सांधे

अतिशीत प्रयोगशाळेत चिपला तारा जोडायचं काम सव्वीस वर्षं एकाच बाईंच्या हातात होतं. सगळे त्यांना मावशी म्हणत, अगदी त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले विभागप्रमुखसुद्धा. केसाहून बारीक तार नखाएवढ्या चिपवर टेकवायची म्हणजे श्वास रोखून करायचं काम. मावशींच्या हातून चिप कधी बिघडत नाही, असं सगळे म्हणायचे. मावशी स्वतः तसं कधी म्हणायच्या नाहीत. दुसरं कुणी म्हणू लागलं की मात्र पुरतं ऐकल्याशिवाय जागच्या हलायच्या नाहीत.

या वेळच्या चिपवर ॲल्युमिनियमच्या अडीचशे सूक्ष्म सांध्यांची साखळी होती. भरपूर थंड केलं की ॲल्युमिनियममधून वीज विनारोध वाहते, पण ही साखळी महाअडेलतट्टू. चिपमध्ये वेडेवाकडे अडकून बसलेले विद्युतभार तिला धरून ठेवतात. ठरावीक व्होल्टेज ओलांडेपर्यंत प्रवाह शून्य, मग एकदम सुरू. तो उंबरठा कशावर ठरतो, हे शोधण्यात एका संशोधक पोरीची दोन वर्षं गेली होती आणि तिची मुदत महिनाअखेर संपत होती.

त्या दिवशी सकाळी तिने मावशींना हाताला धरून पडद्यासमोर नेलं. उंबरठा आधीच्या चिपच्या निम्म्यावर आला होता. अडकलेले भार जितके अस्ताव्यस्त तितका उंबरठा कमी, हा तिचा अंदाज होता, आणि सतरा दिवस तोच आकडा पुन्हा पुन्हा येत होता. तीन वाजता ती तो सगळ्यांसमोर मांडणार होती.

"शोधनिबंधात तुमचंही नाव घालतेय, मावशी," ती म्हणाली.

मावशींनी तिच्या हातातला हात सोडवून घेतला. उंबरठा निम्मा होण्याचं दुसरंही एक कारण असू शकतं, हे त्यांना ठाऊक होतं.

जोडणीच्या दिवशी धाकट्या बहिणीच्या शस्त्रक्रियेचा फोन आला होता. मावशी अंगावरची स्थिर वीज जमिनीत उतरवणारा मनगटावरचा पट्टा काढून बाहेर गेल्या. बहीण सुखरूप होती. त्या आनंदात परत आल्या आणि पट्टा न बांधताच चिमटा चिपला लावला. बोटाला बारीकसा झटका बसला की नुसता भास झाला, देव जाणे. अंगावरच्या तेवढ्या विजेनेही सांधे वितळून एकजीव होतात, आणि साखळी आखूड झाली की रोध घटतो आणि उंबरठाही खाली येतो. जोडणीनंतर मीटर लावून रोध मोजायचा असतो. मावशींनी मीटरला हातच लावला नाही. आकडा कमी दिसला असता तर त्यांना तो बघवला नसता. वहीत 'जोडणीनंतर' या रकान्यात त्यांनी जोडणीआधीचाच आकडा उतरवला. इतकी वर्षं कमावलेलं नाव माणसाला असं भित्रं करून सोडतं.

दुपारचा डबा त्यांनी उघडलाही नाही. तीनदा पोरीच्या दारापर्यंत गेल्या आणि तीनदा काहीतरी राहिल्यासारखं करून मागे फिरल्या. अडीच वाजता मात्र आत शिरल्या आणि वहीतल्या खोट्या आकड्यासकट सगळं सांगून मोकळ्या झाल्या.

पोरगी पडद्याकडे वळली. चिप आता अतिशीत यंत्रात बंद होती, तिला मीटर लावता येत नव्हतं; खात्री करायचा एकच मार्ग उरला होता: व्होल्टेज खूप वर न्यायचं. तिथे साखळी साध्या तारेसारखी वागते आणि एकूण रोधावरून किती सांधे जिवंत आहेत ते कळतं. पण तेवढ्या धक्क्याने अडकलेले भार जागा बदलतात. सतरा दिवस ती ज्या मांडणीवर मोजत होती ती कायमची मोडणार होती, आणि चुंबकीय क्षेत्रातली अर्धी मोजणी अजून बाकी होती.

"हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत तर?"

"मीटर लावून दोन मिनिटांत कळलं असतं," मावशी म्हणाल्या.

पोरीने व्होल्टेज चढवायला घेतलं. पडद्यावर रेघ सरकत होती. रेघ सरळ झाली. पोरीने रोध काढला, भागाकार केला, विश्वास बसेना म्हणून पुन्हा केला. अडीचशेच्या अडीचशे सांधे जिवंत होते, म्हणजे निम्मा उंबरठा खराच होता, तीन वाजता मांडण्याजोगा.

मावशींना हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली, कारण पोरीने लगेच व्होल्टेज उतरवून पुन्हा उंबरठा मोजला होता आणि तो भलत्याच जागी आला होता. जुनी मांडणी गेली होती. उरलेली मोजणी आता पहिल्यापासून करायची, आणि तेवढे दिवस तिच्याकडे नव्हते.

"पट्टा कुणीही विसरेल," ती हळूच म्हणाली. "पण वहीतल्या आकड्यावर मी डोळे मिटून विसंबले होते."

"माझं नाव काढून टाक."

"नाव राहील. तुमची जोडणी चांगलीच झालीय. पण यापुढे तुम्ही चिप जोडाल तेव्हा मी शेजारी बसणार."

आजवर मावशींच्या कामावर नजर ठेवायला कुणीही बसलं नव्हतं. ते त्यांच्या फार जिव्हारी लागलं, आणि नाही म्हणायला तोंड उरलं नव्हतं.

"बस," त्या म्हणाल्या.