आमच्या फ्लॅटमधले जजसाहेब

परदेशातल्या आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये भांडी कुणी घासायची यावरून वाद झाला, तरी जजसाहेब अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला मध्ये आणत. ते काही जज नव्हते. विद्यापीठात वर्णभेदाच्या खटल्यांवर संशोधन करत आणि माझ्या शेजारच्या खोलीत राहत. नाव मी ठेवलं होतं. पुढे त्याचा ताप मलाच झाला.

ते मासे खात, मी शाकाहारी. ते राहायला आल्या आल्या मी त्यांना एक कढई बहाल केली आणि वर म्हणालो, "वेगळी असली तरी अगदी माझ्या कढईसारखीच हं." त्यांनी कढई उचलली, तिचा कान हातात आला.

"जोशी, हा खटला होऊन गेलाय. रेल्वेत काळ्यांचा डबा वेगळा, पण सोयी सारख्या, मग अन्याय कसला, असं कोर्टच म्हणालं होतं. त्या निकालाच्या आडोशाने सगळं वेगळं झालं, पाण्याचे नळसुद्धा. पन्नासाहून जास्त वर्षांनी शाळांच्या खटल्यात तेच कोर्ट म्हणालं, वेगळं ठेवणं हीच असमानता. तुमची कढई त्याआधीची आहे."

"बदलतो लवकरच."

"लवकर करा, असंच कोर्टही म्हणालं होतं. तारीख दिली नाही. काही राज्यांनी वर्षानुवर्षं काढली."

मी पावसाळा काढला.

तशी मला अन्यायाची चीड फार. याच शहरातल्या सेरंगूनमध्ये घर शोधताना एजंट म्हणाला होता, "ओनर नो इंडियन लाह, कुकिंग स्मेल." हा किस्सा मी दर गणपतीत आरतीनंतर सांगतो.

मग तिसरी खोली रिकामी झाली. भाडेकरू शोधायचं काम मालकिणीने माझ्यावर सोपवलं होतं. सुशांत नावाच्या मराठी संशोधकाचा फोन आला. त्याला शनिवारी होस्टेल सोडायचं होतं आणि जागा मिळत नव्हती.

"सुशांत, पुढे?"

"लॅबमध्ये असतो, सर."

"तसं नाही. आडनाव?"

तो म्हणाला, "सर, खोली आहे की गेली?"

न सांगितलेल्या आडनावाचा अर्थ मराठी माणसाला बरोबर लागतो. "कळवतो," मी म्हणालो. जजसाहेब ओट्याशी कांदा चिरत होते. त्यांची सुरी थांबली.

"तुम्हीच सांगा ना त्याला, खोली गेली म्हणून," मी म्हटलं. "तुम्ही गोड बोलता."

"गोऱ्यांच्या वस्तीत काळ्यांना घर विकायचं नाही, असे करार असत," ते म्हणाले. "कोर्टाने सांगितलं, करार खासगी आहे, आपसात पाळायचा तर पाळा, तो राबवायला आम्ही येणार नाही. मीही येणार नाही. फोन तुम्हीच करा, आणि कारण सांगून करा. तुमच्या एजंटने निदान सांगितलं होतं."

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला सुशांतने उचलला.

"सर, मिळाली का?"

"शनिवारी सामान घेऊन या."

यात मोठेपणा काही नाही. ते कारण एकदा मोठ्याने बोलून बघा, जीभ कशी जड होते ते.

गेल्या वर्षी जजसाहेब नागपूरला परतले. चांगी विमानतळावर मी म्हणालो, "तुम्ही मला सुधारलंत."

"छे हो, नुसता निकाल लागलाय," ते म्हणाले. "अंमलबजावणी बाकी आहे."

सुशांत अजून इथेच आहे. त्याचं पार्सल आलं, की वरचं पूर्ण नाव माझ्या डोळ्यांना ओढतं. मी पार्सल उलटं धरून त्याच्या खोलीपर्यंत नेतो.