मोठी किल्ली, छोटी किल्ली

चहा गार झाला तर दुसरा मागवू, पण मी माझ्याच हातांनी माझी शोभा कशी करून घेतली ते आज ऐकाच. हसायचं असेल तर मध्येच हसून घ्या, कारण शेवटी मी हात जोडणार आहे. खरंच जोडणार आहे!

पंचवटीत माझा फोटो स्टुडिओ. रोलचे दिवस सरून नुकताच डिजिटल कॅमेरा आला होता आणि मला इंटरनेटचं वारं लागलं होतं. कुठूनतरी कळलं, की लग्नाचे फोटो इंटरनेटवर कुलूपबंद ठेवता येतात. पासवर्ड दोन. एक गिऱ्हाइकाचा, त्याने फोटो निवडायचे, नको असतील ते काढून टाकायचे. दुसरा पाहुण्यांचा, त्यांनी नुसतं बघायचं, फार तर आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं. मी त्यांना साधी नावं दिली, मोठी किल्ली आणि छोटी किल्ली. अख्ख्या नाशकात हे करणारा मी पहिला! म्हणजे, तसं मी सगळ्यांना सांगत होतो.

माझं पहिलं गिऱ्हाईक सायखेड्याचे तात्या. गुलाब आणि कोथिंबीर पिकवणारा माणूस. मुलगी मनमाडला दिली होती, जावई रेल्वेत. तात्यांचा मुलगा प्रकाश मात्र जहाजावर. सख्ख्या बहिणीच्या लग्नाला त्याला रजा मिळाली नाही.

"भाऊ," तात्या मला म्हणाले, "लग्नानंतरच्या रविवारी पक्याचं जहाज बंदराला लागंल. एकच दिवस पाय टेकायला मिळतो. तिथं कॉम्प्युटर हाय म्हणतो. तेवढ्यात त्याला ताईचं लग्न दिसलं पाहिजे. दाजीचा कान पिळायचा मान त्याचा व्हता, तो चुलतभावाकडं गेला. निदान बघंल तरी."

"तात्या, रविवारी प्रकाश मांडवात हजर! शब्द देतो."

शब्द द्यायला काय जातंय हो?

लग्न झालं. सहाशे चाळीस फोटो! ते इंटरनेटवर चढवायला दोन दिवस लागले. गुडघे दुखणारा माणूस सप्तशृंगीच्या पायऱ्या चढतो, तसा एकेक फोटो वर चढत होता. सोमवारी मी तात्यांच्या हातात दोन चिठ्ठ्या ठेवल्या. त्यांनी छोटी खिशात घातली आणि मोठी मला परत केली.

"ही व्याह्यांना द्या."

"अहो, गिऱ्हाईक तुम्ही!"

"आन् मुलगी कोणाच्या घरात दिली? मान त्यांचा. आपण मुलीकडचे, आपण छोटीवर भागवू."

इथे मी नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो का? छे! बुधवारी मनमाडला गेलो आणि ताटात नारळ, टॉवेल, टोपी आणि त्यावर पासवर्डची चिठ्ठी ठेवून विहीणबाईंच्या पुढे धरलं. बाई प्रसन्न! पण क्षणभरच.

"आमच्या नणंदबाईंना काय?"

"त्यांना छोटी..."

"छोटी? आधीच साडी हलकी निघाली म्हणून त्या माझ्याशी बोलत नाहीत. आता किल्लीपण छोटी? भाऊ, आमच्या घरात भांडणं लावायला आलात का?"

मग त्या नणंदबाईंना, म्हणजे नवरदेवाच्या आत्याबाईंना, मोठी. आत्याबाईंना मोठी, तर दोन्ही मामांना छोटी कशी? मामांना मोठी, तर मावशांनी काय घोडं मारलं? बसल्या बैठकीला मी तेवीस चिठ्ठ्या लिहिल्या आणि तेवीसही मोठ्या किल्लीच्या! कुणी रुसायला नको. माझ्या मनाचा मोठेपणा बघा जरा.

नवरदेवाच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांना फोटो दाखवले. विहीणबाईंनी विचारलं, "नको असलेला फोटो जातो कसा हो?"

"असा!" म्हणत मी एक फोटो उडवून दाखवला. कुठला, ते मागाहून सांगतो, पण विसरू नका. खोलीतले तेवीस जोडी डोळे एकदम चमकले. मला वाटलं, कौतुकाने!

शनिवारी सकाळी सहज उघडून बघतो तर काय? सहाशे चाळीसातले नऊ फोटो शिल्लक! मी मनमाडला फोन लावला.

"विहीणबाई, फोटो कुठे गेले?"

"मी फक्त माझेच काढले हो, त्यात हनुवटी दुहेरी दिसत होती. थांबा, नणंदबाई काय म्हणतात बघा."

"जेवतानाचे मी काढले!" मागून आत्याबाई ओरडल्या. "अख्खा लाडू दिसत होता तोंडात!"

थोरल्या मामांनी आपला फेटा सुटलेले फोटो काढले होते. धाकट्या मामांनी थोरल्यांचा फेटा नीट बसलेले काढले होते. आणि कानपिळीचे फोटो खुद्द नवरदेवाने! "ऑफिसातले बघतील हो, भाऊ. तोंड कसं झालंय माझं!"

उरलं काय, तर मांडवाचं कापड, जनरेटर, आइस्क्रीमचं टेबल आणि पंगतीच्या कडेला बसलेला कुत्रा. कुत्र्याला किल्ली मिळाली नव्हती, म्हणून तो वाचला!

"मूळ फोटो असतीलच की तुमच्याकडे?" विचारा, विचारा! लगीनसराई होती, कॉम्प्युटर भरला होता. इंटरनेटवर ठेवलेत म्हणजे काळजी नको, असं म्हणून मी गुरुवारीच सगळं पुसून टाकलं होतं.

स्कूटर काढली आणि सायखेडा गाठला. तात्या कोथिंबिरीच्या जुड्या बांधत बसले होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांचे हात थांबले.

"म्हंजे, पक्याला नाय दिसणार?"

"नाही, तात्या. चुकलं माझं."

तात्या उठले, घरात गेले आणि जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. सीडी!

"मंगळवारी मार्केटात माल उतरवला आन् तुमच्याच पंचवटीत त्या इंटरनेटच्या कॅफेत गेलो. तिथल्या ताईला म्हणलं, ही बघायची किल्ली हाय, पण आमची मंडळी बघायला नाशकात कुठं येती? समदं यात भरून दे."

"सगळे फोटो?"

"सहाशे चाळीस. मोजूनच घेतले. जुड्या नाय का मोजत?"

मंगळवारी! म्हणजे मोठ्या किल्लीचा मान वाटायच्या एक दिवस आधी! अहो, मी तिथेच कोथिंबिरीत वाकून त्यांच्या पाया पडलो. "उठा, उठा, माल चेंगरतोय," तात्या म्हणाले. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. फोटो उडाल्याचं आपल्याला ठाऊक आहे, हे मनमाडलाही कधी कळू दिलं नाही.

छोट्या किल्लीने उतरवलेले फोटो आकाराने लहान, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळे पुन्हा चढले आणि छोटी किल्ली मी प्रकाशला ई-मेलने धाडली. या वेळी मोठी किल्ली मी कुणालाच दिली नाही, स्वतःलाही नाही. कागद फाडूनच टाकला.

रविवारी मी सायखेड्यातच मुक्काम ठोकून. फोन वाजला. तात्यांनी रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मध्ये धरला.

"तात्या, बघितलं! सगळं बघितलं! पाठवणीला ताई रडत होती, मी इथं रडलो. आन् दाजीचा कान! लय जोरात पिळलाय हो!"

तात्या उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "या भाऊंमुळं दिसलं बरं, पक्या."

भाऊंमुळं! मी मान खाली घातली. तेवढ्यात प्रकाश म्हणाला, "पण तात्या, मंगलाष्टकं चालली असताना कोपऱ्यात गळ्यात कॅमेरा अडकवून, तोंड उघडं टाकून झोपलेला तो माणूस कोण?"

आठवलं? मनमाडला मी उडवून दाखवलेला फोटो तो हाच. अक्षता पडल्या तेव्हाचे फोटो व्हिडिओवाल्याने माझ्या दुसऱ्या कॅमेऱ्याने काढले होते आणि जाता जाता माझाही एक काढला होता. म्हणजे नको तो फोटो उडवायची सुरुवात विहीणबाईंनी केली नाही, आत्याबाईंनीही नाही.

तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे. "तो व्हय? तो आपला घरचाच माणूस. दमला व्हता."

म्हणून म्हटलं, हात जोडणार आहे. पण तो फोटो तात्यांनी मोठा करून, चौकट घालून ओसरीवर लावलाय. जाईन तेव्हा मी विनवतो, "तात्या, तेवढा काढा हो!"

तात्या गालात हसतात.

"काढू की. मोठी किल्ली आणलीय का?"